क्योतोमध्ये वर्षभराचे बिऱ्हाड : तिथले उत्सव नुसते पाहावेत की त्यांत सामील व्हावे?

पाऊलवाट

नमस्कार.

येत्या एप्रिलपासून एक वर्ष आमचे बिऱ्हाड जपानमधील क्योतो शहरात असणार आहे. पतीची तिथल्या एका विद्यापीठात संशोधक म्हणून नेमणूक झाली आहे, मी स्वतः या काळात बिनपगारी रजेवर असेन आणि आमची मुलगी आठ वर्षांची आहे. चार दिवसांसाठी जाणाऱ्या प्रवाशाकडे जो वेळ नसतो, तो आमच्याकडे भरपूर असेल.

गेल्या काही आठवड्यांत वाचन करून मी एक तक्ता केला आहे. त्यात एका बाजूला १५ मेचा आओई मात्सुरी, जुलैमधला गिओन मात्सुरी, १६ ऑगस्टला डोंगरांवर पेटणारे अग्नी आणि २२ ऑक्टोबरचा जिदाई मात्सुरी असे उत्सव आहेत, तर दुसऱ्या बाजूला १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेली प्राचीन क्योतोची १७ स्थळे. तक्ता पुरा झाल्यावर समाधान वाटायला हवे होते. मला मात्र धाकधूक वाटू लागली. याआधी आम्ही दुसऱ्या एका देशात दोन वर्षे राहिलो होतो आणि तिथेही मी असाच तक्ता केला होता. प्रत्येक उत्सवाला आम्ही वेळेवर पोहोचलो, पाचव्या रांगेत उभे राहिलो, पुढच्यांच्या डोक्यांवरून छायाचित्रे काढली आणि घरी आलो. त्या उत्सवात नेमके काय असते असे नंतर कोणी विचारले, तेव्हा 'मिरवणूक असते' यापलीकडे मला काही सांगता येईना.

ज्यांनी क्योतोमध्ये काही काळ काढला आहे किंवा जे तिथे मुद्दाम उत्सवांसाठी गेले आहेत, त्यांच्याकडून दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. परक्या माणसाला या उत्सवांच्या कितपत जवळ जाता येते आणि त्यासाठी जपानी भाषा किती यावी लागते? आणि सतरा स्थळे एकामागून एक पाहून टाकण्यापेक्षा बरा असा एखादा मार्ग आहे का?

कामोकाठ

मी क्योतोमध्ये चार वर्षे होतो आणि त्यांपैकी तीन वर्षे शिजो व कारासुमा या रस्त्यांच्या चौकापासून चालत दहा मिनिटांवर राहत होतो. त्यामुळे गिओन मात्सुरी हा मला दरवर्षी घराबाहेर पडले की भेटणारा उत्सव होता. तुमच्या तक्त्यात पहिली दुरुस्ती तिथेच सुचवतो. हा उत्सव कोणत्याही एका तारखेचा नाही. तो १ जुलैला सुरू होतो आणि ३१ जुलैला संपतो. मिरवणुकीची सकाळ हा त्यातला सर्वांत गर्दीचा आणि, माझ्या मते, सर्वांत कमी बोलका भाग आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण ती माहीत नसेल तर पुढचे सगळे नुसते सजवलेले गाडे वाटतात. इ. स. ८६९ मध्ये देशात रोगराई पसरली होती. तेव्हा जपानच्या प्रांतांच्या संख्येइतके, म्हणजे ६६ भाले उभारून शिन्सेन-एन या राजउद्यानात कोपलेल्या आत्म्यांची शांती करण्यात आली. आजच्या मोठ्या रथांना 'होको' म्हणतात आणि तो शब्द भाल्यासाठीचाच आहे. रथ उंच असण्याचे आणि त्यांच्या शेंड्यावर पाते किंवा चंद्रकोर असण्याचे कारण या भाल्यात आहे. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. 'गिओन' हे नाव श्रावस्तीच्या जेतवनावरून आले आहे, ज्या जेतवनात गौतम बुद्धांनी अनेक वर्षावास केले. आज ज्याला यासाका देवस्थान म्हणतात ते १८६८ पर्यंत गिओनचे देवस्थान म्हणूनच ओळखले जाई आणि तिथला देव जेतवनाचा रक्षक मानला जाई. त्या वर्षी सरकारने शिंतो आणि बौद्ध यांची फारकत केली, देवस्थानाचे नाव बदलले, पण उत्सवाला चिकटलेले जुने नाव कोणालाही काढता आले नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. मिरवणुका दोन आहेत. १७ जुलैला 'साकी मात्सुरी' म्हणजे आधीचा उत्सव, त्यात २३ रथ असतात. २४ जुलैला 'आतो मात्सुरी' म्हणजे नंतरचा उत्सव, त्यात ११. वाहतुकीच्या सोयीसाठी १९६६ मध्ये दोन्ही मिरवणुका एकत्र केल्या होत्या आणि २०१४ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. पहिल्या मिरवणुकीचे रथ १० जुलैपासून आणि दुसरीचे १८ जुलैपासून रस्त्यातच बांधायला घेतात. ही बांधणी अवश्य पाहा. मोठ्या रथाचा सांगाडा खिळ्यांनी ठोकत नाहीत, तर गवती दोराने आवळत नेतात, कारण चालताना रथाला जे हिसके बसतात ते दोर झेलतो आणि खिळ्याने मात्र लाकूड फाटते. दोराचे वेढे इतके नेटके असतात की बांधणी पुरी होऊन त्यांवर कापडी झालरी चढल्या की मला दरवर्षी हळहळ वाटत असे. सुतार आणि बांधकरी आपापल्या कामात असतात, तिथे तिकीट नसते, दोरी लावून कोणी अडवत नाही आणि जरा बाजूला उभे राहिले तर तासभर पाहत राहता येते.

बांधून झाले की रथ ओढून पाहतात. त्याला 'हिकिझोमे' म्हणतात आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे. १२ आणि १३ जुलैला, तसेच दुसऱ्या उत्सवाच्या वेळी २० जुलैला दुपारी, रस्त्यात हजर असलेल्या कोणालाही दोर धरता येतो. शाळकरी मुले, म्हाताऱ्या बायका, कार्यालयातून निसटून आलेले लोक आणि परदेशी असे सगळे एकाच दोराला लागलेले असतात. पहिल्या वर्षी मला जपानी भाषेतले जेमतेम तीस शब्द येत होते. त्या दिवशी त्यांतला एकही लागला नाही. पुढचे चालले की चालायचे आणि थांबले की थांबायचे.

संध्याकाळच्या दिव्यांच्या दिवसांना 'योइयामा' म्हणतात. पहिल्या उत्सवाच्या आधी १५ आणि १६ जुलैच्या संध्याकाळी मुख्य रस्ते वाहनांसाठी बंद होतात, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या लागतात आणि गर्दी अशी होते की आपण चालत नाही, वाहत जातो. एकदा जरूर जा, पण मुक्काम ठोकायचा तर २१ ते २३ जुलैच्या संध्याकाळी, कारण दुसऱ्या उत्सवाला टपऱ्या नसतात आणि गल्ल्यांमध्ये 'कोन्चिकीचिन' असा झांजेसारखा नाद, बासऱ्या आणि ढोल एवढेच ऐकू येते. प्रत्येक रथाच्या मोहल्ल्याचे स्वतःचे सभागृह असते. या दिवसांत तिथे रथाच्या मूर्ती आणि वस्त्रे मांडून ठेवलेली असतात, तर काही जुन्या व्यापारी घरांत रस्त्याकडची जाळी काढून पिढीजात चित्रपडदे मांडतात. वस्त्रे सावकाश पाहा. एका रथावर ट्रॉयच्या युद्धकथेतला राजा प्रायम चितारलेला ब्रुसेल्सचा भिंतपडदा आहे, एकावर बायबलमधल्या रिबेकाची कथा आहे आणि काही रथांवरचे गालिचे सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्या दख्खनमध्ये विणले गेले असावेत असे अभ्यासक मानतात. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते नागासाकीमार्गे आत आले. अशा एका गालिच्यासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा शेजारच्या वृद्ध स्वयंसेवकाने मी कुठला हे विचारले. मी सांगितल्यावर त्याने गालिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले आणि तो मला खुर्ची आणायला आत गेला.

याच गल्ल्यांत यूकाता म्हणजे उन्हाळी सुती किमोनो घातलेली लहान मुले एका सुरात गाणे म्हणत मेणबत्त्या आणि 'चिमाकी' विकत बसतात. वेळूच्या पानांची ही गुंडाळी खायची नसते, वर्षभर घराच्या दारावर लावायची असते. तिच्यावरील चिठ्ठीत 'आम्ही सोमिन शोराईचे वंशज आहोत' असे लिहिलेले असते. सोमिन शोराई हा दंतकथेतला गरीब माणूस. प्रवासात असलेल्या देवाला त्याने घरात थारा दिला, म्हणून त्याच्या वंशजांना रोगराई शिवणार नाही असे वचन त्याला मिळाले.

भटकंतीची_वही

कामोकाठ यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मिरवणुकीबद्दलच्या त्यांच्या मताशी मी सहमत नाही. मी क्योतोमध्ये राहिलेलो नाही; तीन वेळा उत्सवांसाठी म्हणून गेलो आहे. जो तिथे राहतो त्याला मिरवणुकीचा कंटाळा येणे समजू शकते, पण पहिल्याच वर्षी तिच्याकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे. मोठ्या होकोचे वजन बारा टनांच्या आसपास असते, शेंड्यापर्यंतची उंची सुमारे २५ मीटर भरते आणि त्याच्या चाकांना वळवण्याची कोणतीही सोय नसते. चौकात ९० अंशांत वळायचे असते तेव्हा चाकांखाली चिरलेले ओले बांबू अंथरतात, त्यांवर पाणी ओततात, दोर बाजूला घेतात आणि पंखे हातात घेतलेल्या माणसांच्या इशाऱ्यावर सगळा रथ एका हिसक्यात आडवा सरकवतात. एका दमात वळण होत नाही. साधारण तीनदा हिसके द्यावे लागतात. दोन हिसक्यांच्या मधली शांतता अनुभवण्यासाठी मी दुसऱ्यांदा गेलो होतो.

प्रश्न जागेचा आहे. शिजो-कावारामाचीच्या चौकात पाचवी काय, पंधरावी रांगही मिळणे कठीण असते. ओइके रस्ता रुंद आहे, तिथे पैसे देऊन खुर्ची घेता येते, पण रथ दुरून जातात आणि सावली नसते. माझी शिफारस शिनमाची या अरुंद रस्त्याची आहे. पहिल्या मिरवणुकीचे रथ परतताना तिथूनच जातात आणि घरांच्या वळचणींना जवळजवळ घासत पुढे सरकतात. रथावरचे लोक तिथे खांबांना आणि छपरांना हात लावून तोल सावरताना दिसतात. ऊन मात्र गंभीरपणे घ्यावे, कारण जुलैमध्ये क्योतोचे तापमान सहज ३५ अंशांच्या वर जाते आणि खोरे असल्याने वारा पडलेला असतो.

इतर दोन मोठ्या उत्सवांविषयी थोडक्यात लिहितो. आओई मात्सुरीची मिरवणूक सकाळी साडेदहाला राजवाड्यातून निघते, शिमोगामो देवस्थान करून कामिगामो देवस्थानाला जाते, आणि पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी निघते. हे शेवटचे कलम मला ठाऊक नव्हते, म्हणून एका वर्षी १५ मे रोजी मी भर पावसात राजवाड्याच्या दाराशी एकटाच छत्री घेऊन उभा होतो आणि १६ मेच्या सकाळी माझे विमान होते. ती मिरवणूक मी पुढच्या खेपेस पाहिली. पाचशेहून अधिक माणसे हेइआन काळातील (आठव्या ते बाराव्या शतकातील) पोशाखात, टोप्यांना आओई या वनस्पतीची पाने खोचून, वाद्यांचा गजर न करता चालतात. बैलगाडीच्या चाकांची करकर रस्त्याच्या पलीकडे ऐकू येते. जिदाई मात्सुरी त्यामानाने तरुण आहे. राजधानी इथे आली त्याला ११०० वर्षे झाली म्हणून १८९५ साली हेइआन देवस्थान बांधले, त्याच्याशी हा उत्सव निगडित आहे. सुमारे दोन हजार माणसे निरनिराळ्या कालखंडांच्या वेषांत जातात, आणि गंमत अशी की इतिहास उलटा चालतो. आरंभी एकोणिसावे शतक येते आणि शेवटाकडे आठवे. इतिहासाची आवड असेल तर पाहा, नसेल तर तो एक वेषभूषांचा मोठा देखावा आहे असे म्हणून सोडून दिले तरी चालेल.

दोनघरे

पाऊलवाट, तुमच्याबरोबर आठ वर्षांची मुलगी आहे, म्हणून तुमच्या तक्त्यात नसलेल्या उत्सवाविषयी लिहिते. त्याचे नाव जिझो-बोन. आम्ही क्योतोमध्ये राहत होतो तेव्हा आमचा मुलगा सात वर्षांचा होता, आणि आज चौदाव्या वर्षी त्याला क्योतोचे जे काही आठवते त्यातले निम्मे या दोन दिवसांचे आहे.

क्योतोच्या जुन्या वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी जिझोची छोटी घुमटी असते. जिझो म्हणजे आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. तिथे तो मुलांचा पाठीराखा समजला जातो. २३-२४ ऑगस्टच्या आसपास, हल्ली बहुतेक ठिकाणी जवळच्या शनिवार-रविवारी, गल्लीतले लोक मूर्ती धुऊन सजवतात, मुलांच्या नावांचे कंदील टांगतात आणि एखाद्या घरात किंवा रस्त्यावरच चटया अंथरून बसतात. भिक्षू येऊन सूत्रपठण करतो आणि मुले वर्तुळात बसून कित्येक मीटर लांबीची एकच जपमाळ हातोहात फिरवतात. मोठा मणी आपल्यापाशी आला की तो कपाळाला लावून नमस्कार करायचा. मग खेळ, खाऊ आणि सोडत. ज्या नव्या वसाहतींत जिझो नाही, त्यांना या दिवसांपुरती मूर्ती उसनी देणारे मिबुदेरा नावाचे देऊळ आहे, यावरून या सणाची निकड लक्षात यावी.

याची जाहिरात कुठेही नसते आणि परक्याला तिथे परस्पर जाऊन बसता येत नाही. आपल्या गल्लीचा उत्सव असला तरच बोलावणे येते, आणि गल्ली आपली होण्याचा रस्ता मोहल्ल्याच्या मंडळातून जातो. त्याला 'चोनाईकाई' म्हणतात. घरे पाहताना आम्ही मोठ्या इमारतीऐवजी जुन्या वस्तीतले लहान घर घेतले आणि आल्या आठवड्यातच शेजारच्या घरांत ओळख करून देण्यासाठी गेलो. मंडळाची किरकोळ वार्षिक वर्गणी भरली. त्यानंतर 'काइरानबान' आमच्या दारी येऊ लागला. सूचनांचा हा तक्ता एका घराने वाचून, शिक्का मारून पुढच्या घरी नेऊन द्यायचा असतो. पहिले काही महिने मला त्यातले अक्षरही कळत नव्हते. तरी तो घेऊन मी शेजारच्या आजींकडे जात असे आणि त्या दारात उभ्या राहून बोटाने एकेक ओळ दाखवत अभिनय करून सांगत. कचऱ्याच्या जागेची झाडलोट कधी आपल्याकडे आहे, हेही मला त्यातूनच कळले. ऑगस्टमध्ये बोलावणे आले ते त्या झाडलोटीमुळे, असे मी आजही मानते. भाषेविषयी तुम्ही विचारले आहे. माझ्या मते अभिवादने, आभार आणि 'मी काय करू?' एवढे वाक्य नीट म्हणता यावे.

१६ ऑगस्टच्या अग्नींविषयी एक कबुली देते. त्यांना 'ओकुरिबी' म्हणजे निरोपाचा अग्नी म्हणतात. 'दाइमोन्जी-याकी' हे बाहेरचे लोक वापरतात ते नाव क्योतोकरांना रुचत नाही. मला हे काही माहीत नव्हते. रात्री आठच्या ठोक्याला पूर्वेच्या डोंगरावर 'दाई' हे मोठे अक्षर पेटले, तेव्हा कामो नदीच्या काठावर मी आतषबाजी पाहावी तशा आनंदाने टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे दोघेतिघे वळून पाहू लागले. कोणी रागावले नाही, पण माझ्या पुढच्या बाई हात जोडून उभ्या होत्या. बोनच्या म्हणजे पितरांच्या सणाच्या दिवसांत घरी आलेले पूर्वज त्या उजेडात परत जातात. त्यानंतर काही मिनिटांच्या अंतराने आणखी चार डोंगर पेटतात आणि प्रत्येक अग्नी साधारण अर्धा तास टिकतो. पाचही दिसतील अशी जागा शोधण्यात संध्याकाळ घालवू नका. एक नीट दिसला तरी पुरे. त्याआधी, ७ ते १० ऑगस्टच्या दरम्यान, रोकुदो चिन्नोजी या देवळात जाऊन या. पितरांना बोलावण्याची घंटा तिथे भिंतीआड बंद असते आणि भोकातून बाहेर आलेला दोर ओढून ती वाजवायची असते. आमच्या मुलाने दोर ढकलायचा की ओढायचा यावरून रांगेत गोंधळ घातला होता, तेव्हा मुलीला आधीच सांगून ठेवा की ओढायचा.

१५ आणि १६ तारखेला गिंकाकुजी या देवळाच्या दाराजवळ लाकडाच्या कांड्या मिळतात. त्यांवर नाव आणि आजार लिहून दिला की ते लाकूड त्या रात्री डोंगरावर जाळतात. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मी देवनागरीत लिहिलेली कांडी दिली होती आणि ती कोणत्याही प्रश्नाविना घेतली गेली.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. घर शोधताना वस्तीचा विचार करावा हे मला सुचलेच नसते. आम्ही स्थानकाजवळची एक इमारत जवळजवळ ठरवली होती.

दोन शंका उरल्या आहेत. गिओनच्या काही रथांवर स्त्रियांना चढू देत नाहीत असे वाचले. मुलगी विचारणार, तेव्हा तिला काय सांगावे? दुसरी शंका छायाचित्रांची. इतक्या घरगुती प्रसंगी कॅमेरा काढावा का?

कामोकाठ

जे खरे आहे ते सांगावे. मिरवणुकीत सर्वांत पुढे असणाऱ्या नागिनाता-होकोवर आजही स्त्रियांना चढता येत नाही. काही रथांनी मात्र ही बंदी सोडली आहे आणि योइयामाच्या दिवसांत त्यांवर कोणालाही जाता येते. निर्णय त्या त्या मोहल्ल्याचा असतो आणि त्यावर तिथल्या लोकांतही दुमत आहे, हे मी अनेकदा ऐकले आहे. दोर ओढायला मुलींना कोणतीही आडकाठी नाही.

छायाचित्रांसाठी माझा नियम असा होता की रथ आणि वस्तू निःसंकोच टिपाव्यात, माणसाला विचारल्याशिवाय टिपू नये आणि कोणी हात जोडलेले असतील तेव्हा कॅमेरा खाली असावा. गिओन वस्तीतल्या खासगी गल्ल्यांचा प्रश्न वेगळा आहे. गेइको (क्योतोतल्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइको) यांच्या मागे धावणाऱ्या पाहुण्यांना कंटाळून २०१९ मध्ये तिथे छायाचित्रणबंदीचे फलक लागले आणि २०२४ पासून काही गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशच बंद झाला. फलकावर दहा हजार येन दंड लिहिलेला असतो.

आणि भटकंतीची_वही यांना : शिनमाची रस्त्याविषयी तुमचे म्हणणे मान्य. तिथली मिरवणूक मीही सोडली नव्हती.

शिलालेख

स्थळांविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून भर घालतो. सतरा स्थळांची यादी ठेवा, पण त्यांतले प्रत्येक स्थळ वर्षातून ज्या दिवशी आपले मूळ काम करीत असते तो दिवस शोधा आणि शक्यतो तेव्हा जा. चिओन-इन हे देऊळ त्या यादीत नाही, तरीही त्याचेच उदाहरण घेतो. तिथली घंटा १६३६ साली ओतलेली असून तिचे वजन सुमारे ७० टन आहे. दिवसा जाऊन पाहिली तर ती लोखंडी कढईसारखी निमूट टांगलेली दिसते. ३१ डिसेंबरच्या रात्री सतरा भिक्षू मिळून तिचा टोला हाणतात. सोळा जण दोर ओढतात आणि एक जण लाकडी ओंडक्याला लोंबकळत जवळजवळ जमिनीला समांतर होतो. असे १०८ टोल पडतात. तो आवाज कानांपेक्षा छातीत अधिक ऐकू येतो. तिथून चालत यासाका देवस्थानाला गेलात, तर दोराच्या टोकाला पवित्र निखारा धरून, तो विझू नये म्हणून गोल फिरवत घरी निघालेले लोक दिसतील.

सान्जूसान्गेन्दो हे सभागृहही यादीबाहेरचे आहे आणि माझ्या मते यादीतल्या निम्म्या स्थळांपेक्षा सरस आहे. सुमारे १२० मीटर लांबीच्या दालनात कान्नोनच्या म्हणजे अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्यासमोर २८ रक्षक देवता आहेत. आपल्या माणसाने त्या रक्षकांपाशी अवश्य थांबावे. तिथला ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, बोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव, आणि पंख असलेला बासरीवाला कारुरा म्हणजे आपला गरुड. नावे ओळखू येऊ लागली की मुले तिथून हलत नाहीत, हा अनुभव आहे. याच इमारतीच्या ओसरीवर पूर्वी धनुर्धारी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत बाण मारण्याची शर्यत लावत. १६८६ साली वासा दाइहाचिरो याने एका अहोरात्रात १३,०५३ बाण सोडून त्यांतले ८,१३३ पार नेले. १५ जानेवारीच्या जवळच्या रविवारी आजही तिथे धनुर्विद्येचा कार्यक्रम होतो, त्यात विशीत पदार्पण केलेली मुले-मुली सणाच्या किमोनोत ६० मीटरवरच्या लक्ष्यावर बाण सोडतात, आणि त्या दिवशी आत जायला तिकीट लागत नाही.

किन्काकुजी या सुवर्णमंदिराविषयी एवढेच की ती इमारत १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळली आणि आज दिसते ती १९५५ साली बांधलेली आहे. हे माहीत असूनही मला ती आवडते. कात्सुराचा राजप्रासाद आणि शेवाळ्याच्या बागेचे साइहोजी यांना आधी नोंदणी लागते, तेवढी वेळेवर करावी. फुशिमी इनारी या देवस्थानाच्या हजारो तोरणांखालून मात्र कोणत्याही वेळी जाता येते. पहाटे पाचला जा.

पाऊलवाट

तक्ता नव्याने केला आहे. स्थानकाजवळच्या इमारतीला नकार कळवला आणि आता जुन्या वस्तीतल्या एका घरासाठी बोलणी सुरू आहेत. कामोकाठ, शेवटचा प्रश्न : १२ आणि १३ जुलैला मुलीची शाळा असली, तर हिकिझोमे हुकणार का?

कामोकाठ

हुकले तरी बिघडत नाही. २० जुलैच्या दुपारी आतो मात्सुरीचे रथ ओढून पाहतात आणि तिथल्या प्राथमिक शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण त्याच सुमारास लागते. त्या दिवशीच्या रथांत ओफुने-होको म्हणजे जहाजाच्या आकाराचा रथ असतो. १८६४ च्या आगीत त्याचा बराचसा भाग जळाला होता आणि दीडशे वर्षांनी, २०१४ मध्ये, तो पुन्हा मिरवणुकीत आला. ताका-यामा नावाचा दुसरा रथ तर १८२६ नंतर थेट २०२२ मध्ये परतला. अर्धा तास आधी पोहोचा आणि मुलीला दोराच्या आतल्या बाजूला उभी करा. दोर चांगलाच खरखरीत असतो, म्हणून तिच्या मापाचे सुती हातमोजे बरोबर असू द्या.